करवतीचे दांत



छंद कोणता, असें कोणीं विचारलें म्हणजे उत्तर देतांना मी अजूनहि थोडा अडखळतों. कोणी नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें, कोणी जुनीं पुस्तकें. यांपैकीं कोणताहि छंद निवृत्त शाळामास्तरास शोभला असता आणि विचारणाराचेंहि समाधान झालें असतें. परंतु माझा छंद आहे तो जुन्या करवती जमविण्याचा व त्यांना पुन्हां कामाजोग्या करण्याचा. माझ्या घराच्या पडवींत आज हातानें चालवावयाच्या अकरा करवती आहेत, दोघांनीं मिळून ओढावयाचा एक आरा आहे, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या तीन जुन्या साखळी-करवती आहेत. साखळी-करवत म्हणजे आपल्याकडील शेतकरी ज्याला 'चेन सॉ' म्हणतात तें यंत्र. एका लांबट पोलादी पट्टीभोंवतीं दांतेरी साखळी वेगानें फिरते आणि लांकूड कापीत जाते, एवढें वर्णन तूर्त पुरे आहे.

हें ऐकल्यावर पुष्कळांच्या मनांत एक प्रश्न येतो, आणि कांहीं जण तो तोंडावरच विचारतात. 'गुरुजी, जन्मभर तुम्ही पोरांकडून झाडें लावून घेतलींत. आणि आतां झाडें पाडण्याचीं हत्यारें घासूनपुसून ठेवतां, हें कसें?' प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्याचा प्रयत्न मी आज करणार आहें. मात्र तें उत्तर मला एकदम सांपडलें नाहीं. आणि सांपडलें तेव्हां त्याची किंमत माझ्याऐवजीं दुसऱ्या एकानें भरली होती. म्हणून आरंभापासून सांगितलेलें बरें.

वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागांत आमचें आष्टी आहे. १९४२ सालच्या ऑगस्ट महिन्यांतील लढ्यामुळें 'आष्टी शहीद' या नांवानें गांवाची ओळख आहे. भोंवतालीं संत्र्यांच्या बागा, कपाशीचीं व तुरीचीं शेतें, आणि त्यांपलीकडे साग, धावडा, सालई, मोह, तेंदू यांचें रान, असा हा मुलूख. मी सात-आठ वर्षांचा असतांना आमच्या घरीं माडी बांधावयाची निघाली. तुळयांसाठीं सागाचे ओंडके आले आणि त्यांमागून आरा ओढणारे दोघे जण आले. पंधरा दिवस ते आमच्या आंगणांतच राहिले. ओंडका उंच घोडीवर चढविलेला. एक जण त्याच्यावर उभा, दुसरा खालीं. गेरूंत भिजविलेली दोरी ओंडक्यावर ताणून, मधोमध उचलून सोडली कीं तांबडी सरळ रेघ उमटे. त्या रेघेवरून चार हात लांबीचा आरा वर जाई, खालीं येई. खालच्या माणसाच्या अंगावर भुशाचा पाऊस पडे. डोळे वांचविण्यासाठीं तो डोक्याला फडकें बांधून, मान खालीं घालून ओढीत असे. चीर लांबली म्हणजे तिच्यांत पाचर ठोकीत, म्हणजे आरा आंवळला जात नसे. मी दिवसभर त्या भुशांत खेळत बसें. सागाच्या ताज्या भुशाचा तो कडवट वास आजहि आला कीं मला प्रथम तें आंगण आठवतें.

पुढें विजेवर चालणारी लांकडाची गिरणी आली. त्या दोघांना ज्या कामास आठवडा लागे तें गिरणी दुपारपर्यंत उरकी. ते पुन्हां आमच्या आंगणांत आले नाहींत, आणि मीहि त्यांना विसरलों. मॅट्रिक होऊन मी शिक्षक झालों, आणि यथाकाल निवृत्तहि झालों.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यांत जुन्या घराचा मोडका भाग उतरविला. तेव्हां गोठ्याच्या आढ्याला सुतळीनें बांधलेला एक आरा सांपडला. दोन्ही बाजूंच्या मुठी वाळवीनें खाल्ल्या होत्या आणि पात्यावर गंजाचे पापुद्रे चढले होते. तो आमच्या आंगणांतील त्या दोघांचा होता, कीं वडिलांनीं आणखी कोठून आणला होता, हें सांगण्यास घरांत कोणी उरलें नव्हतें. दारावर आलेल्या भंगारवाल्यानें तो हातांत तोलून पाहिला आणि वजनावर भाव सांगितला. ज्या हत्यारानें माझ्या डोक्यावरचें छप्पर कापून तयार झालें असावें, त्याची किंमत एका वेळच्या भाजीइतकीहि होईना. मीं तो दिला नाहीं. माझ्या संग्रहाचा आरंभ हा असा झाला.

आरा ठेवून घेणें सोपें होतें. तो चालता करणें सोपें नव्हतें. विटेचा चुरा आणि रॉकेल यांनीं मीं चार दिवस पातें घासलें. तें चकचकीत झालें, पण लांकडावर लावतांच घसरूं लागलें. तेव्हां कोणीं तरी सांगितलें कीं शेजारच्या एका गांवीं जन्मभर आरा ओढलेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. मी पातें सायकलला बांधून त्यांच्याकडे गेलों. त्यांची दृष्टि जवळजवळ गेली होती. त्यांनीं पातें मांडीवर आडवें घेतलें, आंगठ्यानें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत एकेक दांत चाचपला आणि म्हणाले, "गुर्जी, पोलाद चांगलं हाय. पन तुमी त्याचं तोंड धुतलं, दांत नाई घासले."

त्यांच्यापाशीं मी त्या पावसाळ्यांत दर रविवारीं जात असें. त्यांनीं मला जें शिकविलें तें तीन पाठांत सांगतां येईल. पहिला पाठ उंचीचा. सपाट कानस सगळ्या दांतांच्या टोंकांवरून हलकेच फिरवावी, म्हणजे उंच दांत उघडा पडतो. एक दांत जरी उंच असला तरी सगळें काम त्याच्यावर पडतें आणि आरा गचके खातो. दुसरा पाठ मोडीचा. एक दांत किंचित् डावीकडे, पुढचा किंचित् उजवीकडे, असे सगळे दांत एकाआड एक वांकवावयाचे; त्यायोगें चीर पात्यापेक्षां थोडी रुंद पडते आणि पातें अडकत नाहीं. हा कल दोन्ही बाजूंस सारखा नसेल, तर आरा रेघ सोडून एका अंगाला जातो. तिसरा पाठ धारेचा. लांकूड उभें चिरावयाचें असेल तर दांताचें टोंक पटाशीसारखें असावें, आडवें कापावयाचें असेल तर सुरीसारखें. कारण उभ्या चिरेंत तंतू खणून काढावे लागतात, आडव्या चिरेंत ते तोडावे लागतात. सागाच्या लांकडांत वाळूच्या जातीचा एक अंश असतो, म्हणून साग हातास मऊ वाटला तरी धार लवकर खातो, हेंहि मला पुढें वाचनांत कळलें. त्या वृद्धांना तें पुस्तकावांचून ठाऊक होतें. 'साग कापाचा असन तं कानस कमरेला पायजे,' असें ते म्हणत.

विजेच्या सहाणेवर दांत घासण्यास त्यांची सक्त मनाई होती. सहाणेवर पोलाद तापतें. तापून एकदां निळें पडलें कीं त्याचें पाणी उतरलें. मग त्याला कितीहि घासा, धार धरावयाची नाहीं. हातानें, थोडें थोडें, मोजून घासावें. प्रत्येक दांताला कानशीचे तितकेच हात. चाळीस मुलांच्या वर्गांत प्रत्येकाकडे सारखें लक्ष देण्याची संवय ज्यास होती, अशा माझ्यासारख्याला हें काम मनापासून आवडलें, यांत नवल नाहीं.

आतां हातकरवतीवरून यंत्राकडे मी कसा वळलों तें सांगतों. नागपूरच्या भंगारबाजारांत जुन्या करवती शोधीत हिंडत असतां, मोटारींच्या सुट्या भागांच्या ढिगाखालीं मला एक साखळी-करवत दिसली. वजन बारा किलोंच्या आसपास, रंग उडालेला, साखळी गंजून पट्टीला चिकटलेली. परदेशी बनावटीचें तें यंत्र साठ वर्षांपूर्वींचें असावें. मीं तें विकत घेतलें, तें केवळ एका कुतूहलापोटीं : या साखळीचे दांत पाहावे, आणि आमच्या आऱ्याच्या दांतांशीं त्यांचें कांहीं नातें आहे काय, तें तपासावें.

नातें आहे, आणि मोठें मनोरंजक आहे. साखळीला दांत बसविण्याची कल्पना प्रथम रानांत नव्हे, तर शस्त्रवैद्याच्या खोलींत जन्मली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन व जेम्स जेफ्रे या दोन स्कॉटिश वैद्यांनीं हाड कापण्यासाठीं बारीक दांतेरी साखळी वापरली. सुमारें १८३० मध्यें बर्नहार्ड हाइने या जर्मनानें हातानें फिरविण्याचें तसलें हत्यार तयार केलें. लांकडासाठीं हीच कल्पना उपयोगांत आणण्याचें श्रेय मुख्यतः जर्मनींतील कारागिरांना जातें. १९२६ मध्यें आंद्रेआस श्टील यानें विजेवर चालणारी साखळी-करवत केली. १९२७ मध्यें एमिल लेर्प यानें थुरिंगिया प्रांतांतील डोल्मार नांवाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणारें यंत्र चालवून पाहिलें. १९२९ मध्यें श्टीलचेंहि पेट्रोलचें यंत्र निघालें. त्याचें वजन ४६ किलो होतें. हीं सर्व यंत्रें दोन माणसांनीं धरावयाचीं. म्हणजे आरा गेला, तरी त्याचीं दोन टोंकें आणि दोन माणसें यंत्रालाहि कांहीं काळ सुटलीं नाहींत. एकट्या माणसास पेलेल अशीं यंत्रें १९५० च्या सुमारास सर्रास होऊं लागलीं.

पण माझ्या दृष्टीनें खरी गंमत दांतांची आहे. आरंभींच्या साखळ्यांना हातकरवतीसारखेच टोंकदार दांत असत. ते लांकूड ओरबाडीत, लवकर बोथट होत आणि घासावयास अतिशय त्रासदायक असत. १९४६ मध्यें अमेरिकेच्या ऑरेगन प्रांतांत जोसेफ कॉक्स नांवाचा एक लांकूडतोड्या जळाऊ लांकूड फोडीत होता. त्याला एका बुंध्यांत भुंग्याची बोटाएवढी अळी लांकूड पोखरतांना दिसली. उभा तंतू असो वा आडवा, ती सारख्याच सहजतेनें पुढें जात होती. तिचे जबडे एक डावीकडे, एक उजवीकडे, असें लांकूड कुरतडीत होते. त्या जबड्यांची नक्कल करून कॉक्सनें बांकदार दांतांची साखळी घडविली आणि १९४७ मध्यें ती विक्रीस आणली. आजच्या साखळ्या त्याच घराण्यांतल्या आहेत. साखळीवर एक दांत डावा, एक उजवा, हा क्रम मीं प्रथम पाहिला तेव्हां मला त्या अळीच्या आधीं आमचे ते वृद्ध गुरु आठवले. एकाआड एक डावा-उजवा, हा पाठ दोघांचाहि एकच.

मीं आणलेलें यंत्र चालू करण्यास मला एक हिंवाळा लागला. दट्ट्या नळींत घट्ट बसला होता. स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून रॉकेल व तेल यांचें मिश्रण ओतून आठ दिवस ठेवला, तेव्हां तो हलला. धुराड्यांत कुंभारीण माशीनें मातीचें घर केलें होतें. कार्ब्युरेटरांतील पातळ रबरी पडदा वाळून पत्र्यासारखा कडक झाला होता. तो नवा घालावा लागला. ठिणगी पडत नव्हती, कारण मॅग्नेटोच्या दोन टिकल्यांवर मळ सांचला होता. कोऱ्या कागदाची घडी त्यांच्यामधून दोन-चार वेळां ओढतांच ठिणगी आली. यंत्रांत दम आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक जुनी युक्ति आहे : चालू करावयाच्या दोरीला धरून यंत्र उचलावें, तें सरकन् खालीं आलें तर दट्ट्या झिजलेला, हळूहळू गचके घेत उतरलें तर नळी शाबूत. माझें यंत्र दोरीला टांगून राहिलें, तेव्हां मला वर्गांतील पहिला नंबर लागल्यासारखा आनंद झाला.

ज्या श्रोत्यांजवळ असें जुनें यंत्र असेल त्यांच्यासाठीं दोन गोष्टी सांगतों. एक म्हणजे, या यंत्रांत पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें. आजच्या नव्या यंत्रांना ५० भाग पेट्रोलास एक भाग तेल पुरतें, परंतु जुन्यांना साधारणतः २५ भागांस एक भाग, म्हणजे एक लिटर पेट्रोलास ४० मिलिलिटर तेल लागतें. तें कमी पडलें तर दट्ट्या करपतो. दुसरी म्हणजे, अलीकडे आपल्या देशांत पेट्रोलामध्यें इथेनॉलाचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलें आहे. इथेनॉल हवेंतील पाणी ओढतें आणि जुनें रबर फुगवितें. म्हणून काम झाल्यावर टांकींत पेट्रोल ठेवूं नये. टांकी रिती करून, उरलेलें जळून जाईपर्यंत यंत्र चालवावें आणि मगच तें ठेवून द्यावें.

माघ महिन्यांत एका सकाळीं यंत्र चालू झालें. गल्लींतील कुत्रीं भुंकूं लागलीं, शेजारी धांवत आले, आणि मीं वादळांत पडलेल्या बाभळीचा ओंडका त्यांच्यासमोर कापून दाखविला. त्या दिवशीं मला जो अभिमान वाटला, त्याची आठवण आज फारशी सुखाची नाहीं.

त्या गर्दींत माझा एक जुना विद्यार्थी होता. त्याच्या बागेंतील संत्र्याचीं झाडें डिंक्या रोगानें वाळलीं होतीं आणि तीं काढून नवी लागवड करावयाची होती. तो म्हणाला, "गुरुजी, दोन दिवस मशीन द्या, मजुरांचे पैसे वांचतील." मीं धार लावून दिली, तेल कसें मिसळावें तें कागदावर लिहून दिलें, आणि यंत्र दिलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्याचा धाकटा भाऊ धापा टाकीत माझ्या दारीं आला.

झालें होतें असें. साखळी ज्या पट्टीवरून फिरते त्या पट्टीच्या नाकाचा वरचा चतुर्थांश जर लांकडाला लागला, तर दांत तेथें कापीत नाहींत; ते अडकतात, आणि सगळें यंत्र क्षणार्धांत उसळून चालविणाराच्या अंगावर मागें येतें. विद्यार्थी एक फांदी कापीत असतां पट्टीचें नाक तिच्यामागील दुसऱ्या फांदीला लागलें. यंत्र उसळलें आणि साखळी त्याच्या डाव्या हाताला कोंपराखालीं लागली. आजच्या यंत्रांवर पुढच्या मुठीसमोर एक ढाल असते. यंत्र उसळलें कीं ती ढाल पुढें ढकलली जाऊन साखळी जागच्या जागीं थांबते. अशी सोय १९७० नंतरच्या दशकांत रूढ होत गेली. माझें यंत्र त्यापूर्वींचें. त्याला ती ढाल नव्हती, आणि ती असावी लागते हें त्या वेळीं मलाहि ठाऊक नव्हतें.

हात वांचला. पण त्याच्या दोन बोटांची पकड आजतागायत पूर्ववत् झालेली नाहीं. मी त्याच्या घरीं गेलों तेव्हां त्याच्या आईनें मला बसावयास पाट दिला आणि चहा पुढें ठेवला. ती माउली मला एका शब्दानेंहि बोलली नाहीं. तिनें बोलावें, असें मला फार वाटत होतें. तो चहा माझ्या घशाखालीं उतरेना.

रस्त्यानें परत येतांना एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. मीं यंत्र दुरुस्त केलें होतें. तें निर्धोक केलें नव्हतें. या दोन गोष्टी एकच आहेत असें मीं धरून चाललों होतों. जुनी वस्तू चालू झाली कीं तिच्या मालकाला ती निर्दोष वाटूं लागते. पण दुरुस्तीनें वस्तु तिच्या काळच्या स्थितीला पोंचते, आपल्या काळच्या नव्हे. साठ वर्षांपूर्वीं जो धोका लोक पत्करीत होते, तोहि मी तिच्याबरोबर परत जिवंत केला होता. आणि शिकविणें हा ज्याचा जन्मभराचा व्यवसाय, त्यानें तेल किती घालावें तें लिहून दिलें, परंतु मृत्यु कोठें दडला आहे तें सांगितलें नाहीं.

त्यानंतर पांच महिने मीं पडवीचें दार उघडलें नाहीं. शेवटीं सर्व यंत्रें भंगारांत घालावयाचें ठरवून मीं भंगारवाल्यास निरोप पाठविला. ही वार्ता त्या विद्यार्थ्याच्या कानीं गेली. तो स्वतः आला आणि म्हणाला, "गुरुजी, मोडींत देऊं नका. बाजारांत नव्या मशिनी स्वस्त मिळतात; जो तो घेतो, आणि चालवावयास कोणी शिकवीत नाहीं. ही ठेवा, आणि लोकांना दाखवा कीं मला कुठें लागलें."

मीं तसें केलें. त्या यंत्राच्या पट्टीवर, नाकाच्या वरच्या चतुर्थांशाला, मीं तांबडा रंग लावला आहे. त्याची साखळी काढून खिळ्याला टांगली आहे. यंत्र वर्षांतून दोनदां साखळीविना सुरू करतों, म्हणजे तें जाम होत नाहीं. तें मी कोणासहि देत नाहीं. त्याच्याशेजारीं ढाल असलेलें नवें यंत्र ठेवलें आहे. गांवांतील व आजूबाजूचे तरुण आपापलीं नवीं यंत्रें घेऊन रविवारीं येतात. त्यांना आधीं तो तांबडा भाग दाखवितों, मग ढाल कशी पडते तें दाखवितों, आणि मगच गोल कानस त्यांच्या हातांत देतों. कारण बोथट साखळी धारदार साखळीपेक्षां अधिक धोक्याची आहे. ती कापीत नाहीं म्हणून माणूस जोर लावतो, आणि जोर लावला कीं तोल जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. धार असेल तर चिरेंतून लांकडाचे काप पडतात. धार गेली असेल तर पीठ पडतें. पीठ पडूं लागलें कीं यंत्र बंद करावें आणि कानस घ्यावी. डावे दांत एका बाजूनें, उजवे दुसऱ्या बाजूनें, प्रत्येकाला सारखे हात. पाठ तोच आहे.

त्यांना मी आणखी दोन गोष्टी सांगतों. जुन्या यंत्रांच्या मुठींखालीं रबर नसे. वर्षानुवर्षें त्यांची थरथर सोसल्यानें पुष्कळ लांकूडतोड्यांचीं बोटें पांढरीं व बधिर पडत. म्हणून नवें यंत्र घेतांना मुठीखालचें रबर पाहावें आणि काम थांबत थांबत करावें. आणि दुसरें म्हणजे, १९६४ सालच्या झाडें तोडण्यासंबंधींच्या राज्याच्या कायद्याप्रमाणें साग, मोह, आंबा यांसारखीं झाडें आपल्या स्वतःच्या शेतांतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. यंत्रानें झाड पाडावयास चार मिनिटें लागतात. तें वाढावयास माणसाचें आयुष्य लागतें. आरा ओढणारांना झाड पाडण्यापूर्वीं विचार करावयास आपोआप वेळ मिळे, कारण काम दिवसाचें असे. यंत्रानें तो वेळ काढून घेतला आहे, म्हणून तो आपण मुद्दाम घ्यावा लागतो.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येतों. हत्यारें कां जपावीं ? आमच्या वर्ध्याला मगन संग्रहालय आहे. १९३८ च्या डिसेंबरांत महात्मा गांधींच्या हस्तें तें उघडलें. चरखे आणि ग्रामोद्योगाचीं साधनें तेथें मांडलेलीं आहेत. तीं पाहून लोकांनीं शिकावें व सुधारावें, हा त्यामागील हेतु होता. पुण्यास दिनकर केळकरांनीं जमविलेले अडकित्ते, दिवे आणि घरगुती भांडीं पाहावयास दुरून लोक येतात. राजांच्या तलवारी सगळेच जपतात. परंतु ज्या अडकित्त्यानें आजोबांनीं सुपारी कातरली तोहि जपण्याजोगा आहे, हें केळकरांनीं दाखविलें. मी त्यांच्या मानानें फार लहान मनुष्य आहें. माझ्या पडवींत थोड्याशाच करवती आहेत. पण हत्याराबरोबर त्याची विद्या राहते, आणि त्या विद्येंत त्याचा धोकाहि येतो. हत्यार भंगारांत गेलें तर दोन्ही विसरलीं जातात. मग विद्या पुन्हां मिळत नाहीं, आणि धोका मात्र नव्या रूपानें परत येतो. झाडें लावणाऱ्या मास्तरानें करवती कां ठेवाव्या, याचें माझ्यापाशीं एवढेंच उत्तर आहे.

ज्यांनीं मला दांत लावावयास शिकविलें ते वृद्ध गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांचा आरा त्यांच्या मुलानें मला देऊं केला. मीं घेतला नाहीं, तो त्यांच्याच घराच्या भिंतीवर टांगून, तेल लावून ठेवावयास सांगितलें. श्रोत्यांसहि माझी एवढीच विनंती आहे. आपल्या घराच्या माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला, असें एखादें हत्यार असेल. तें वजनावर विकण्यापूर्वीं खालीं उतरवा. त्याला रॉकेलानें पुसा. घरांत कोणी वडीलधारें माणूस असेल तर त्याच्या हातीं तें द्या आणि विचारा कीं, तें कोण चालवीत असे, कसें चालवीत असे, आणि त्याचें कोठें लागतें. तें सांगतील तें एका कागदावर लिहून हत्याराला बांधा. आमच्या घरीं असें विचारण्यास मी उशीर केला. म्हणून माझ्या पहिल्या आऱ्याला बांधलेला कागद अद्याप कोराच आहे.